सरासरी उंचीचा गोठा

उंबरठा

घरात जितकी दारं तितके उंबरठे, आणि जितके उंबरठे तितक्या वेळा आक्काला उचलायचं.

उचलायचा धाकटा भाऊ. पुढून तो, मागून त्याची बायको, मध्ये खुर्ची आणि खुर्चीत आक्का. उचलताना तो ‘हं’ म्हणायचा आणि पलीकडे टेकवताना ‘हां’. दिवसभर घरात हं आणि हां, हं आणि हां. भाऊ गुणाचा. कधी कुरकुर नाही, कधी कपाळाला आठी नाही. आठी असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

आक्का जन्मभर शाळेत खेळाची शिक्षिका. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि पोरं चुकली की मैदानाला फेऱ्या. मग एका वळणावर तिच्या स्कूटरची एका ट्रकशी गाठ पडली. ट्रकला काही झालं नाही. आक्काचे पाय तेवढे संपावर गेले ते कायमचे. ती म्हणायची, “ज्यांना फेऱ्या मारायला लावल्या त्या पोरांचे तळतळाट आहेत हे. चांगले सणसणीत तळतळाट. माझीच पोरं ती.”

पायांचं रडून झालं होतं. त्या ‘हं’ आणि ‘हां’चं होत नव्हतं. एखादी जागा अशी हवी होती, जिथे आपण आपले आत जाऊ, काहीतरी करू, आणि आपले बाहेर येऊ. बस, एवढंच. मोठं घर नको, बाग नको. आपल्या चाकांनी जाता येईल असं एक दार हवं होतं.

तसं करता येईल असं दार एकच होतं, गोठ्याचं. गायी विकून झाल्यापासून गोठा रिकामा होता आणि आत कोळी आणि वास एवढेच राहत होते.

“गोठ्यात अळंबी लावते,” आक्का जेवताना म्हणाली.

भावाने घास थांबवला. “गोठ्यात मशीन ठेवायचंय ना आक्का. मळणीचं. सुगी संपली की येतंय.”

“तोवर?”

“तोवर रिकामाच आहे, पण…” पुढचं त्याने गिळलं. घासाबरोबर.

“टोपल्या भरून दाखवल्या तर?”

“तर मशीन उघड्यावर,” भाऊ हसून म्हणाला. असं हसून म्हणालेलं माणूस विसरतं, हे त्याला माहीत होतं. बहीण विसरत नाही, हे त्याच्या लक्षात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गवंडी आला आणि त्याने गोठ्याचा दगडी उंबरठा पहारीने उचकटला. त्या जागी सिमेंटचा लांब उतार केला. उतार वाळायच्या आधीच आक्का त्यावरून आत गेली. चाकांच्या दोन रेघा उमटल्या, त्या अजून आहेत. गवंडी म्हणाला, “बाई, ओलं होतं ना ते.” आक्का आतून म्हणाली, “असू दे. सही केलीय.”

गुडघा

भिंतीला लागून लांबलचक गव्हाण होती. गायींनी घासून घासून तिचा काठ गुळगुळीत केला होता. गवंड्याने तीही पाडायला पहार उचलली, तेवढ्यात शिट्टी वाजली.

“थांबा. ती माझ्या छातीला येते.”

“मग काय झालं?” गवंडी म्हणाला.

“म्हणजे ते टेबल आहे माझं. फक्त खाली गुडघ्यांना जागा नाही.”

मग गव्हाणीच्या पोटात एक कोनाडा खोदला, आक्काचे गुडघे आत जातील एवढा. गोठ्याच्या मधून गोमूत्राची नाळी गेली होती आणि तिच्यात खुर्चीचं पुढचं छोटं चाक रोज अडकायचं. ती बुजवायची नव्हती, पाणी कुठून जाणार? तिच्यावर लोखंडी जाळी बसवली. वरच्या झरोक्यांना ओलं गोणपाट लावलं. वास जायला मात्र चुन्याचे हातावर हात मारावे लागले.

या कामात दुसरा भागीदार होता तो वायरमन.

वायरमन भावाचा शाळेतला दोस्त. पूर्वी विजेच्या खांबांवर चढायचा. मग त्याच्या पाठीच्या कण्याला असं दुखणं लागलं की मणका मणक्याला चिकटत गेला आणि पाठ एकसंध झाली. आता तो वाकत नव्हता, मान वळवत नव्हता. बाजूला बघायचं तर अख्खा वळायचा, कपाट सरकवावं तसा. गावभर त्याला म्हणायचे, खांबावर चढता चढता खांबच झाला. तो स्वतःही म्हणायचा, इतरांच्या आधी.

“आक्का, मला खाली पडलेलं काही उचलायला सांगू नका,” त्याने पहिल्याच दिवशी बजावलं. “आणि मी पडलो तर मलाही उचलू नका. क्रेन बोलवा.”

“आणि मला वरचं काही मागू नकोस,” आक्का म्हणाली.

“म्हणजे तुम्ही तळमजला, मी गच्ची.”

भावजय दारात उभी होती. ती म्हणाली, “आणि मध्ये राहतं कोण?”

हे ती सहज बोलली. पण गोष्ट इथेच होती, आणि तिघांनीही ती ऐकून सोडून दिली.

कंबर (पण कोणाची?)

अळंबीच्या पिशव्या टांगायला आडवे दांडे लावायचे होते. किती उंचीवर?

“खाली,” वायरमन म्हणाला. “आक्कांना हात पुरला पाहिजे.”

“वर,” आक्का म्हणाली. “हा वाकणार कसा?”

“नाही, खालीच.”

“वर म्हटलं ना.”

दोघंही चांगली माणसं. चांगल्या माणसांचं भांडण लवकर मिटत नाही, कारण दोघांनाही हरायचं असतं. गवंडी दोघांकडे आलटून पालटून बघत होता. शेवटी त्याने फीत काढली. आक्काचा हात वर करून मापला, वायरमनचा हात खाली सोडून मापला, दोन्ही मापं जमिनीवर खडूने मांडली, बेरीज केली आणि निम्मी केली.

“सरासरी,” तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर न्यायाधीशाचं समाधान होतं.

दांडे सरासरीवर बसले. बघायला एक रिकामी पिशवी टांगली.

आक्काने हात वर केला. बोटं पिशवीच्या जेमतेम निम्म्यापर्यंत. वायरमनने हात खाली सोडला. त्याचीही निम्म्यापर्यंतच.

“जमतंय?” गवंडी.

“एकदम,” आक्का.

“झकास,” वायरमन.

दोघांनाही वाटलं, निदान दुसऱ्याची तरी सोय झाली.

हात

भाताचं काड भिजवलं. ड्रममध्ये कढत पाण्यात उकळलं. जुन्या विहिरीवरची कप्पी वायरमनने आढ्याला बांधली होती. दोर ओढायला वाकावं लागत नाही, आणि दोराच्या गाठींत त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. जाळीत भरलेलं वाफाळतं काड ड्रममधून वर यायचं, झुलायचं आणि थेट गव्हाणीत उतरायचं. पूर्वी जिथे गायींचं खाणं पडायचं तिथेच.

आक्का कोनाड्यात गुडघे घालून पिशव्या भरायची. काडाचा थर, कडेकडेने बियाणं, पुन्हा काड, वर मूठ दाबून. हातांना जुनी सवय होती, चेंडूत हवा भरली की अंगठ्याने दाबून बघायची. पिशवीही ती तशीच दाबून बघायची. फुसकी पिशवी पुन्हा गव्हाणीत.

पिशव्या अंधारात पांढऱ्या होत गेल्या. आतून जाळं पसरलं, जसं थंडीत काचेवर पसरतं. त्यांना चिरा दिल्या. आता फक्त पाणी फवारायचं, हवा खेळती ठेवायची आणि कोंब फुटायची वाट बघायची.

इथे आक्काने चूक केली. खेळाच्या बाईलाच सुचेल अशी चूक.

तिने दोन संघ पाडले.

“उजवी रांग माझी. डावी तुझी. बघू कोणाची भरते.” आणि मध्ये गोणपाटाचा पडदा लावला. “दुसऱ्याच्या रांगेत डोकावायचं नाही. डोकावलं की बाद.”

“मला तसंही डोकावता येत नाही,” वायरमन म्हणाला. “मी फक्त हजर होऊ शकतो.”

शिट्टी वाजली. सामना सुरू.

खांदा

पडद्याच्या अलीकडे काय चाललं होतं, ते असं.

आक्का पंप घेऊन पिशव्यांच्या खालच्या भागावर झकास फवारायची. वरच्या भागासाठी नळी उंच धरायची. पाणी वर जायचं, जरा विचार करायचं आणि आक्काच्या डोक्यावर परत यायचं. मग तिने नळीला काठी बांधली. काठी हलायची, पाणी गोणपाटावर जायचं. खांदे भरून यायचे. पिशव्यांचे वरचे निम्मे भाग कोरडे पडत चालले होते आणि तिला ते दिसत होतं.

पलीकडून वायरमन गाणं गुणगुणायचा. मोठ्याने.

आक्का मनात म्हणायची, त्याला काय, उंच आहे, सगळं हाताखाली. त्याची रांग डोलत असेल. आणि मी सांगितलं की मला पुरत नाही, तर तो म्हणेल, राहू द्या आक्का, मी करतो. भाऊ म्हणेल, राहू दे आक्का. भावजय म्हणेल, राहू द्या वन्सं. मग पुन्हा हं आणि हां.

म्हणून ती विचारायची, “काय रे, कशी आहे रांग?”

“फर्स्ट क्लास. तुमची?”

“बघशीलच.”

झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन मुठी झाकलेल्या, म्हणजे अडीच लाख.

पलीकडून कधीकधी विचित्र आवाज यायचे. ठक. मग धप्. मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा गाणं, आधीपेक्षा मोठ्याने.

“काय पडलं रे?”

“काही नाही. झाडू.”

“झाडू कशाला?”

“झाडायला.”

आक्काने जास्त विचारलं नाही. ज्याचं स्वतःचं डोकं ओलं आहे त्याने दुसऱ्याच्या झाडूची चौकशी करू नये.

कपाळ

कोंब फुटले, टाचणीच्या डोक्याएवढे. मग बटणाएवढे. मग एका सकाळी भाऊ म्हणाला, “उद्या बघायला येतो. मशीनवाल्याचा फोन आला होता.”

दुपारी भावजय चहा घेऊन आली. तिच्या दोन्ही हातांत दोन कप. बाद होण्याचा नियम तिला लागू नव्हता. तिने खांद्याने पडदा बाजूला सारला, तो दोरीवरून घसरला आणि सगळाच खाली आला.

गोठा पहिल्यांदा पूर्ण दिसला.

आक्काच्या रांगेत प्रत्येक पिशवी खालून फुललेली. राखाडी, मांसल, एकावर एक चढलेले पंखे. आणि वरचा निम्मा भाग सुकून पिवळा. वायरमनच्या रांगेत बरोबर उलटं, वर घोस, खाली कोरडं काड आणि कुठेकुठे हिरवी बुरशी. त्याच्या हातात एक झाडू होता आणि झाडूला फवाऱ्याची नळी सुतळीने बांधलेली होती.

भावजय दोन्ही रांगा बघत राहिली. मग म्हणाली, “एका रांगेला टोपी नाही, दुसरीला चप्पल नाही.”

कोणी हसलं नाही. आक्काने वायरमनकडे पाहिलं. वायरमन अख्खा वळून आक्काकडे बघत होता.

“तुला पुरत नव्हतं?”

“खालचं नाही पुरत. तुम्हाला?”

“वरचं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू का बोलला नाहीस?”

“मला वाटलं, तुमच्यासाठी खाली घेतलेत दांडे.”

“मला वाटलं, तुझ्यासाठी वर.”

“झाडूने मारत होतो पाणी,” वायरमन म्हणाला. “गाणं म्हणत.”

“मी अंघोळ करत होते. रोज.”

आता मात्र भावजयीचा चहा सांडला. ती हसत भिंतीला टेकली, वायरमन सरळ उभ्या उभ्या हसला, त्याला तेवढंच येत होतं. आक्का हसता हसता एकदम थांबली, कारण उद्या होता.

उद्या आला. भाऊ आला. त्याने दोन्ही रांगा बघितल्या. टोपल्या होत्या, पण कुठे भरलेल्या? तळ झाकला होता, इतकंच. तो काही वाईट बोलला नाही, तेच वाईट होतं.

“छान झालंय की आक्का,” तो म्हणाला, आजाऱ्याला म्हणतात तसं. मग दाराकडे बघून, “उतार बरा केलाय. मशीन सरळ आत येईल.”

तिचाच उतार. तिची सही असलेला.

“मशीन कधी येतंय?”

“पुढच्या आठवड्याच्या शेवटी.”

“पिशवी एकदा तोडून संपत नाही,” आक्का म्हणाली. “पुन्हा धरते. ती दुसरी तोडणी बघ आणि मग मशीन आण.”

भावाने वायरमनकडे बघितलं. वायरमन कपाट सरकावं तसा वळला आणि त्याने झाडू पाठीमागे लपवला.

“बघतो,” भाऊ म्हणाला. म्हणजे हो.

आढं

शिट्टी.

“संघ रद्द,” आक्का म्हणाली. “रांगा रद्द. उजवं डावं काही नाही.”

“मग?”

“पहिल्या दिवशी तूच म्हणाला होतास. तळमजला आणि गच्ची.”

गवंड्याला बोलावून दांडे काढले. त्याला वाईट वाटलं. “बाई, गणित चुकलं नव्हतं,” तो म्हणाला.

“गणित बरोबरच होतं,” आक्का म्हणाली. “पण त्या मापाचा माणूस इथे कोणी नाही.”

वायरमन शिडीवर चढला नाही, पण आढ्यावर दोर टाकायला त्याला शिडी लागत नव्हती. दोराच्या टोकाला दगड बांधून तो वर फेकायचा आणि दुसऱ्या बाजूने पकडायचा. भावजय म्हणाली, “खांबा, इतकं येत होतं तर इतके दिवस झाडू का धरला?” तो म्हणाला, “वहिनी, तेव्हा मी प्रतिस्पर्धी होतो.”

प्रत्येक दोराला दोन पिशव्या. एक वर, वायरमनच्या छातीशी. एक खाली, आक्काच्या मांडीच्या वर जेमतेम. गाठी त्याने मारल्या, उंची तिने खुर्चीतून हात लावून ठरवली. हिरवी बुरशी लागलेल्या पिशव्या गोठ्याबाहेर लांब नेऊन पुरल्या. सुकलेले वरचे थर खरवडून, चांगल्या पिशव्या थोड्या वेळ पाण्यात बुडवून पुन्हा टांगल्या.

आता उजवी डावी नव्हती. आक्का खालून सगळा गोठा फिरायची, वायरमन वरून सगळा गोठा फिरायचा. नियम एकच राहिला, तो असा:

“काय रे, कशी आहे गच्ची?”

“तिसऱ्या दोराचं टोक सुकतंय. हात पोचत नाही माझा. तुमचं?”

“दाराजवळची पिशवी फुसकी आहे. मला ती वळवता येत नाही.”

“आलो.”

“मीही येते.”

जे जमत नाही ते आधी सांगायचं. चहाच्याही आधी.

मधली जागा

इथे काही नाही. दोरांच्या गाठी आहेत. इथून हवा जाते, आणि आक्काला पलीकडची भिंत दिसते, आणि वायरमनला, वाकता येत नसलं तरी, जरा मागे सरकला की आक्का दिसते.

डोकं

सगळ्या पिशव्यांना कोंब एकदम आले नाहीत. आधी खालच्यांना, मग वरच्यांना, आणि मधल्या दिवसांत आक्काने झोपेतही पाणी फवारलं असेल. मग एका सकाळी ती उतारावरून आत गेली आणि थांबली. खुर्चीच्या उंचीवरून, गोठ्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, राखाडी पंखेच पंखे. तिने वर पाहिलं. वरही.

“वायरमन,” ती म्हणाली. मग शिट्टी वाजवली.

भावजय टोपल्या घेऊन आली. धिंगरी अळंबी तोडायची नसते, पिळून काढायची असते, कडा वर वळायच्या आत. वायरमन वरून पिळायचा आणि टोपली दोराने खाली सोडायचा. आक्का खालून पिळायची. टोपल्या गव्हाणीच्या काठावर मांडत गेल्या आणि काठ संपला.

तेवढ्यात भाऊ आला. बाहेर उन्हात मशीन आलेलं होतं, मोठं, लाल, उघडं. भाऊ चाव्या हातात घेऊनच आत शिरला आणि पहिल्याच दोराच्या वरच्या पिशवीवर त्याचं डोकं आपटलं.

तो खाली वाकला. खालच्या पिशवीने त्याच्या पोटात ढुसणी दिली. तो सरकला, तर पुढचा दोर. गोठ्यात कुठेही त्याला नीट उभं राहायला जागा नव्हती. वरचं उंच, खालचं बुटकं.

“अगं, हे बांधलंय तरी कोणासाठी?” तो कपाळ चोळत म्हणाला.

आक्का पिळत राहिली. वायरमनही. भावजय टोपलीत तोंड घालून हसत होती.

भावाचं त्याचं त्यालाच कळलं. तो उभा राहिला, पिशव्यांच्या मध्ये अवघडून, आणि पहिल्यांदाच त्याने विचारलं, “मी काय करू मग?”

“तू बस,” आक्का म्हणाली. “तो क्रेट पालथा घाल आणि बस.”

तो बसला. बसल्यावर त्याचे डोळे आक्काच्या डोळ्यांच्या पातळीला आले. त्याने समोर पाहिलं, मग डावीकडे, मग उजवीकडे. मग हात पुढे करून त्याने एक घोस धरला.

“पीळ,” आक्का म्हणाली. “ओढू नकोस.”

त्याने पिळला. अख्खा घोस हातात आला. त्याने तो वास घेऊन बघितला आणि टोपलीत ठेवला.

“मशीनवर ताडपत्री टाकायला हवी,” तो थोड्या वेळाने म्हणाला. कोणालाही उद्देशून नाही.

“शब्द दिला होता ना?” भावजय म्हणाली.

“हो बाई, उघड्यावर म्हणालो होतो. ताडपत्रीला कुठे नाही म्हटलं होतं?”

पुन्हा उंबरठा

संध्याकाळी आक्का स्वतःच्या चाकांनी उतारावरून बाहेर आली. अंगण ओलांडलं. घराच्या दारापाशी नेहमीसारखी थांबली. भाऊ पुढे आला, भावजय मागे गेली.

“हं,” भाऊ म्हणाला आणि उचललं.

आणि तसाच थांबला. खुर्ची उंबरठ्याच्या बरोबर वर, अधांतरी.

“काय झालं?” भावजय मागून.

“त्या गवंड्याचा नंबर आहे का तुझ्याकडे?”

“कोणत्या?”

“गोठ्याचा उतार केला त्याचा. म्हटलं, घरात किती उंबरठे आहेत ते एकदा…”

“आधी खाली ठेव,” आक्का वरून म्हणाली, “मग विचार कर.”

“आणि त्याला सांगा,” भावजय धापा टाकत म्हणाली, “माप वन्संचं घे. सरासरी काढत बसू नकोस.”

भावाने खुर्ची पलीकडे टेकवली. विचारात होता. ‘हां’ म्हणायचं विसरला.